केंब्रिजची मध्यवर्ती मशीद कशी पाहावी

इंग्लंडमधील केंब्रिज शहराच्या मिल रोडवर २०१९ साली खुली झालेली मध्यवर्ती मशीद पाहायला जाणाऱ्याने थेट नमाजाच्या दालनाकडे धाव घेऊ नये. ‘लंडन आय’ हा आकाशपाळणा साकारणाऱ्या मार्क्स बारफील्ड या वास्तुरचनाकारांनी ही इमारत रस्त्यापासून आत टप्प्याटप्प्याने उलगडत जाईल अशी बांधली आहे आणि तो क्रम पाळला तरच तिचे मर्म कळते.

आधी रस्त्यालगतच्या बागेत थोडे थांबावे. ती नमाजींइतकीच शेजाऱ्यांसाठीही राखलेली आहे. तेथून भिंतींवरील दोन रंगांच्या विटांची नक्षी न्याहाळावी. ती नुसती सजावट नसून, ईश्वर एकच आहे असे सांगणारे कुराणातील वचन चौकोनी कूफी या अरबी लेखनशैलीत त्या विटांमध्ये गुंफले आहे. वर लहानसा सोनेरी घुमट दिसेल. मिनार मात्र शोधू नये, कारण तो बांधलेलाच नाही. परिसराशी जुळवून घेण्याचा हा निर्णय मला या वास्तूतील सर्वांत समंजस निर्णय वाटतो.

ओसरी ओलांडून आतल्या चौकात आले की उपाहारगृह व शिकवण्याच्या खोल्या लागतात. मशीद वस्तीच्या रोजच्या जीवनात कशी मिसळली आहे, हे येथेच समजते, म्हणून हा भाग घाईने ओलांडू नये.

पुढे पादत्राणे काढून, मक्केच्या दिशेने वळवलेल्या आणि सुमारे हजार जणांना सामावून घेणाऱ्या दालनात शिरावे व मान वर करावी. लाकडाचे थर चिकटवून घडवलेले खांब झाडांसारखे वर फाकत जाऊन एकमेकांत गुंफतात आणि त्यांच्यावरील झरोक्यांतून दिवसाचा उजेड उतरतो. या गुंफणीमागे भूमितीचे अभ्यासक कीथ क्रिचलो यांचा इस्लामी भूमितीचा व्यासंग आहे, तसेच गॉथिक या मध्ययुगीन शैलीतल्या इंग्रजी चर्चमधील पंख्यासारख्या छतांची आठवणही आहे. शक्य असल्यास त्याच दिवशी आधी शहरातील किंग्ज कॉलेजचे चॅपेल (प्रार्थनामंदिर) पाहून यावे. तेथील पंख्यासारखे छत डोळ्यांत ताजे असताना मशिदीतील लाकडी छत पाहिले, तर दोन परंपरांमधील नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अंग झाकणारे सैलसर कपडे घालावेत, नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये आणि कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. शुक्रवारी दुपारी सामूहिक नमाजासाठी मोठी गर्दी असते, त्यामुळे केवळ वास्तू पाहण्यासाठी येणाऱ्याने दुसरी वेळ निवडावी.