नव्या वर्षात पोर्ट्रेट काढताना चेहरा त्याचाच राहू द्या

जानेवारीत नवा प्रीसेट (एडिटिंगची तयार सेटिंग) विकत घेण्याऐवजी एडिटिंगला एकच नियम लावा: दोन-तीन आठवड्यांत आपोआप जाणारं असेल ते काढा, कायमचं असेल ते ठेवा. मुरूम, ओरखडा, थंडीनं फुटलेले ओठ खुशाल दुरुस्त करा. तीळ, गोंदण, जुना व्रण, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या मात्र त्या माणसाच्या आहेत.

खरी कसोटी रंगाची. बायोडाटाच्या फोटोसाठी ‘थोडं गोरं करून द्या’ असं हमखास सांगतात. इथे ठाम राहाच. सावळ्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग केलं, म्हणजे फक्त त्या छोट्या भागाचा उजेड मोजला, की कॅमेरा त्याला मध्यम राखाडी समजून नको तितका उजळवतो. म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). ऑटो व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलणारी सेटिंग, बंद ठेवा. दिवसाच्या उन्हात व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास लॉक केला की सगळ्या फ्रेममध्ये कांती सारखी येते.

लेन्स चेहऱ्याच्या फार जवळ नेली की नाक मोठं दिसतं. दीड-दोन मीटर मागे सरका, ८५ मिमीची लेन्स लावा.

जागेचं म्हणाल तर, नागपुरात फुटाळा तलाव सुंदरच आहे आणि जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचला पोहोचलात तरी छान ऊन मिळेल. पण मला विचाराल तर महाल-इतवारीतल्या दुकानदाराचा फोटो त्याच्या दुकानाच्या दारातच काढा. शटरमधून येणारा बाजूचा उजेड पुरतो, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला सांगावं लागत नाही.