एकाच घरातलं खुरटलेलं मूल आणि स्थूल आई: मुंबईत पोषणाचं सर्वेक्षण शिकताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं हलतात ती देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून. तिथून रिक्षा केली की थोड्या वेळात गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्या लागतात. पोषणाच्या कामात नवीन येणाऱ्याला या दोन्ही जागा ओळखीच्या व्हायला हव्यात. जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठात पोषणशास्त्र शिका, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) सार्वजनिक आरोग्य शिका किंवा देवनारला लोकसंख्याशास्त्र. दहा बाय दहाच्या खोलीत रडणाऱ्या मुलाची उंची नीट घेता आली नाही, तर पुढचं सगळं गणित कच्चं राहतं.

आधी आकडे. देशात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये खुरटलेपण, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणं, २००५-०६ मध्ये ४८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के. त्याच काळात १५ ते ४९ वयाच्या कृश स्त्रियांचं प्रमाण ३५.५ वरून १८.७ टक्क्यांवर उतरलं, आणि वजन जास्त असलेल्या स्त्रियांचं १२.६ वरून २४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे एक टोक कमी होतंय आणि त्याच वेळी दुसरं वाढतंय.

हे आकडे वापरताना नवखे तीन ठिकाणी अडखळतात. पहिलं, सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत चार वर्षांखालची मुलं होती, दुसऱ्यात तीन वर्षांखालची. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानकं आणि पाच वर्षांची मर्यादा तिसऱ्या फेरीपासून (२००५-०६) आली. जुन्या अहवालातले आकडे तसेच उचलून आलेख जोडू नका. दुसरं, पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राची माहिती जून ते डिसेंबर २०१९ मध्ये गोळा झाली. त्यावरून टाळेबंदीचा परिणाम सांगणारे प्रबंध आजही लिहिले जातात, ते साफ चूक आहे. तिसरं, मुंबई आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत. जिल्ह्याचा नमुना लहान असतो, त्यामुळे एक-दोन टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये.

आता घरात शिरू. खुरटलेलं मूल आणि स्थूल आई एकाच छपराखाली दिसली की नवख्याला वाटतं, आई स्वतः खाते आणि मुलाला देत नाही. हा विचार मनातून काढून टाका, तो अन्यायाचा आहे. रेशनचा तांदूळ-गहू, तेल आणि साखर एवढ्यावर मोठ्या माणसाचं पोट भरतं, वजनही वाढतं. लहान मुलाचं पोट छोटं. त्याला थोडक्या घासांत डाळ, अंडं, दूध, भाजी लागते. डाळ पातळ असते आणि दूध चहापुरतं येतं. त्यात सतत जुलाब झाले की खाल्लेलंही अंगी लागत नाही. आई कामावर गेली की मुलाच्या हातात पाच रुपयांचं पाकीट येतं, ते खाऊन भूक मरते. दोघांचं कारण एकाच डब्यात आहे, म्हणून मोजायचं तर अख्खं घर मोजा.

मुलाच्या वयापासून सुरुवात करा. 'दीड वर्षाचा असेल' हे उत्तर लिहून घेऊ नका. जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड मागा. दोन्ही नसेल तर गणपतीच्या आधी की नंतर, दिवाळीत केवढा होता, असं विचारत महिन्यापर्यंत या. वर्षाच्या मुलाच्या वयात एका महिन्याची चूक झाली तर उंचीच्या झेड-स्कोअरमध्ये (त्या वयाच्या मानकापासून मूल किती प्रमाण-विचलनं दूर आहे तो आकडा) जवळजवळ अर्ध्याचा फरक पडतो.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची, पुढच्यांची उंची उभं करून. दोन्हींत ०.७ सेंमीचा फरक धरतात. दोन वर्षांखालचं मूल उभं राहूनच मोजावं लागलं, तर ०.७ मिळवा. झोपडीतली जमीन मोरीकडे उतरती असते, भिंतही सरळ नसते. त्यामुळे उंचीची पट्टी गल्लीतल्या सपाट फरशीवर लावा. चप्पल, टोपी, अंबाडा काढायचा. वजनाआधी डायपर, चांदीचे वाळे, कडं उतरवायला सांगा. करदोटा किंवा काळा दोरा काढायला आई तयार नसेल तर राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. उंची ०.१ सेंमीपर्यंत लिहा. तुमच्या वहीत शेवटचा आकडा वारंवार ० किंवा ५ येत असेल, तर तुम्ही मोजत नाही, अंदाज करताय.

मोठ्यांसाठी सर्वेक्षणात बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ पासून पुढे वजन जास्त धरतात, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया वगळून. आपल्याकडचे डॉक्टर मात्र २३ लाच सावध होतात आणि २५ ला स्थूलता म्हणतात, कारण आपल्या अंगात कमी वजनावरही चरबी जास्त असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून कंबरेचा घेर घ्याच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंमी ही मर्यादा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मागच्या चोवीस तासांतलं खाणं विचारताना. 'सकाळी काय खाल्लं?' या प्रश्नाला 'काही नाही, नुसता चहा' हे ठरलेलं उत्तर. त्या चहात दोन चमचे साखर असते, सोबत खारी किंवा दोन टोस्ट असतात, पण त्याला कोणी खाणं म्हणत नाही. दिवसाला असे पाच चहा म्हणजे साखरच चाळीसेक ग्रॅम. आधी माणसाला सलग बोलू द्या, मग घड्याळाच्या क्रमाने मागे जा, आणि शेवटी चहा, फरसाण, स्टेशनवरचा वडापाव, मुलाच्या ताटातलं उरलेलं असं एकेक नाव घेऊन विचारा. घरच्या वाटीवर विश्वास नको. एका घरातली वाटी १०० मिलीची असते, दुसऱ्या घरातली १८०. आपल्या मापाच्या वाट्या आणि चमचे पिशवीत ठेवा.

तेल माणसागणिक विचारून कळत नाही. पिशवी किती दिवस पुरते ते विचारा. पाच जणांच्या घरात महिन्याला चार लिटर लागत असेल, तर लिटरला साधारण ९१० ग्रॅम धरून माणशी रोज २४ ग्रॅम येतं. बाहेरच्या तळणाचं तेल यात धरलेलं नाही, हे टिपून ठेवा.

एका दिवसावरून कुणाचा आहार ठरवू नका. रविवारी मासळी, गुरुवारी उपास, चतुर्थीला साबुदाणा. एकमेकांना लागून नसलेले निदान दोन दिवस घ्या. चाळीत, वस्तीत पाण्याच्या वेळेला जाऊ नका, तेव्हा बाई दारात उभी राहून दोन शब्दांत उत्तर देते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांमधले पदार्थ बहुतेक कच्चे आहेत. शिजलेल्या भाताच्या वजनाला कच्च्या तांदळाचे उष्मांक लावले, तर उत्तर अडीच ते तीन पट फुगतं. ही चूक दर वर्षी कुणाच्या तरी प्रबंधात सापडते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर फॉर्म बाजूला ठेवा. त्याच दिवशी अंगणवाडी सेविकेला गाठा. मूल खात नसेल, ताप किंवा जुलाब असतील, तर रुग्णालयात न्यायला सांगा. चिठ्ठीवर दंडघेर, वजन आणि तारीख लिहून ती आईच्या हातात द्या, आणि आठवड्याने पुन्हा त्या दारात जा.