फेलोशिप मिळाली, आता प्राध्यापकीपर्यंत पोहोचायचं

अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप 2005-06 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. त्याच फेलोशिपवर मी पीएच.डी. केली आणि आता महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या वेळी निवड एम.ए.च्या गुणांवर व्हायची, आता नेट म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतल्या गुणांवर होते. महाराष्ट्रात याशिवाय राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. मात्र एका वेळी एकच घेता येते.

राष्ट्रीय फेलोशिपचा जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढची तीन वर्षं 42,000 रुपये असा दर आहे. पुस्तकं, फिल्डवर्क यांसाठी कंटिंजन्सी वेगळी. पण एक तारखेला पैसे जमा होतील असं धरून खोली घेऊ नका. तुमचं काम चालू आहे, अशी नोंद विद्यापीठाने पोर्टलवर केली तरच रक्कम सुटते. माझे पैसे एकदा कित्येक महिने अडकले, कारण कागद विभागातच पडून होता. गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, शिक्का, मग आवक क्रमांक. तो क्रमांक वहीत लिहून घ्या आणि आठवड्याने पुन्हा टेबलापाशी उभे राहा. पहिली मोठी रक्कम आली की सहा महिन्यांचं भाडं आणि मेस बाजूला काढा.

दोन वर्षांनी एसआरएफसाठी, म्हणजे पुढच्या तीन वर्षांच्या वाढीव फेलोशिपसाठी, समिती बसते, तिच्यात बाहेरचे तज्ज्ञ असतात. मला तिथे सरळ विचारलं, “किती प्रश्नावल्या भरून झाल्या?” तेव्हा निदान एक प्रकरण लिहून तयार ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही पाच वर्षं नोकरीच्या हिशेबाने वापरा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना पीएच.डी.ला 30 गुण आहेत, जेआरएफसह (नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांची संशोधन फेलोशिप) नेटला 7, नुसत्या नेटला 5, आणि प्रत्येक शोधनिबंधाला 2, कमाल 10. ही फेलोशिप म्हणजे जेआरएफ नव्हे. नेट निघाली नसेल तर प्रबंध जमा करायच्या आत काढा. दरवर्षी एक चांगला शोधनिबंध लिहिलात तरी पाच वर्षांत ते दहा गुण पूर्ण होतात.

आपली मुलं पीएच.डी. होतात, पण जागा कुठे आहेत? 2018 मध्ये विभाग हेच एकक धरून तेरा बिंदूंची रोस्टर, म्हणजे कितवी जागा कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणारी यादी, आली, तेव्हा अनुसूचित जातीची पहिली जागा सातव्या क्रमांकावर होती. चार प्राध्यापकांच्या विभागात ती कधी येणार? देशभर आंदोलनं झाली आणि 2019 च्या कायद्याने केंद्रीय संस्थांमध्ये संपूर्ण विद्यापीठ हे एकक ठरलं. म्हणून केंद्रीय विद्यापीठांच्या जाहिराती सोडू नका. हैदराबाद, वर्धा, कलबुर्गी (पूर्वीचं गुलबर्गा) ही आपल्याला फार लांब नाहीत. माझ्या बरोबरीच्या कित्येकांनी नुसत्या अंतराच्या भीतीने अर्ज भरले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.