बोट ओढायला पिकअप घेताय? मग या चुका टाळा

दरवर्षी मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की मला फोन सुरू होतात. "दादा, बोट घ्यायचं नक्की झालंय, आता ट्रक बघतोय, मायलेज चांगलं देणारा कुठला घेऊ?" मिशिगनमध्ये अकरा हजारांवर तळी आहेत, इथे राहून बोट घ्यावीशी वाटणारच, मी स्वतः तेरा वर्षं ट्रेलर ओढतोय. पण प्रश्नाची सुरुवातच चुकते. आधी बोटीचं वजन, मग ट्रक, आणि मायलेज त्याच्यानंतर. हे फोनवर इतक्या जणांना सांगून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

जाहिरातीतला टोइंगचा आकडा धरून बसणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि सगळ्यात धोक्याची पण हीच. "अकरा हजार पाउंड ओढतो" असं जे लिहिलेलं असतं ते त्या मॉडेलच्या सगळ्यात जमून आलेल्या गाडीचं असतं, म्हणजे योग्य इंजिन, योग्य ॲक्सल, टो पॅकेज आणि अंगावर फारशी चैन नाही अशी. इथल्या कंपन्या टोइंग ज्या जे-२८०७ मानकाने मोजतात त्यात गाडीत ड्रायव्हर आणि शेजारी एक जण एवढेच धरतात, दोघंही दीडशे-दीडशे पाउंडांचे. मागची सीट रिकामी. आपण असे कधी तळ्यावर जातो का? आपल्याकडे आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात, मुलं असतात, दोन कूलर, तंबू, शेगडी, कोळसा, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, आणि शिवाय कुणीतरी पोह्यांचा मोठा डबा देतंच.

तुमच्या गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. दार उघडा, खाली वाका, पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल, माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये असं त्यावर छापलेलं असतं. हा पेलोड. आणि ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकच्या मागच्या जोडाच्या, म्हणजे हिचच्या, बॉलवर जे वजन टाकतं, ज्याला टंग वेट म्हणतात, ते याच पेलोडमधून वजा होतं. ही एक गोष्ट शंभरातल्या नव्वद जणांना कुणी सांगितलेलीच नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेबर डेच्या लांब सुट्टीचा शुक्रवार, आम्ही दोन कुटुंबं हिगिन्स लेकला निघालो होतो. मी पुढे व्हॅनमध्ये, माझी बोट आधीच वर नेऊन ठेवलेली, आणि मागे आमचा सातारकडचा एक मित्र, नवाकोरा हायब्रिड पिकअप, एकवीस फुटी बोट, गाडीत पाच माणसं. अंधार पडला आणि त्याचे हेडलाइट माझ्या आरशात असे घुसायला लागले की डोळे दिपले. मला वाटलं हाय बीम लावून चालवतोय. फोन केला. म्हणाला, "नाही दादा, साधेच दिवे आहेत." मग मी विचारलं की स्टिअरिंग कसं लागतंय, तर म्हणतो, "जरा हलकं लागतंय, पण मागे बोट आहे म्हणून असेल ना?"

माझ्या पोटात गोळाच आला. त्याला म्हटलं पन्नासवर ये, उजव्या लेनने चल, सॅगिनॉच्या अलीकडे ट्रक स्टॉप आहे तिथे वळ. खाली उतरून बघितलं तर ट्रकचं ढुंगण टेकल्यासारखं आणि नाक वर. हिचचा बॉल मागच्या चाकांच्याही बराच मागे असतो, त्यामुळे तिथे वजन पडलं की ते तरफेसारखं पुढचं टोक उचलतं. पुढच्या चाकांवरचं वजन उतरतं, आणि गाडी वळवणं आणि ब्रेक या दोन्हींची मदार पुढच्या चाकांवर. दिवे आभाळाकडे बघत होते ते त्याचमुळे.

ट्रक स्टॉपवर बहुधा वजनकाटा असतो, थोडे डॉलर जातात, दहा मिनिटांत पावती मिळते. एकदा बोटीसकट उभं करायचं, मग बोट बाजूला सोडून तीच माणसं आणि तेच सामान घेऊन नुसता ट्रक पुन्हा उभा करायचा, दोन्ही पावत्यांवर ट्रकच्या चाकांवरच्या वजनांची बेरीज करायची, जो फरक येतो तो टंग वेट. त्याचा आला ५९० पाउंड. माणसं पाच, ७७०. बेडमधलं, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यातलं, सामान ३२०. बेरीज १,६८०. आणि दारावरच्या स्टिकरवर १,३९०. म्हणजे २९० पाउंड जास्त, आणि तो मला सांगतोय, "दादा, अकरा हजारांची कपॅसिटी आहे, बोट आणि ट्रेलर मिळून साडेपाचसुद्धा नाहीत, आपण निम्म्यावरच आहोत." त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर होतं, फक्त आकडा चुकीचा उचलला होता. मागच्या सीटवर त्याची मुलगी झोपलेली होती. ते बघून मला जे वाटलं ते अजून विसरलो नाहीये.

त्याच्या गाडीतल्या काका-काकूंना आमच्या व्हॅनमध्ये घेतलं, दोन्ही कूलर आणि बॅगा घेतल्या, साडेचारशे पाउंड उतरले. दिवे रस्त्यावर आले. बाकीचा रस्ता साठने गेलो.

आता यात त्या मॉडेलचा दोष नव्हता. त्याने सगळ्यात वरचं ट्रिम, म्हणजे सगळ्यात चैनीची आवृत्ती, घेतली होती, काचेचं छत, थंड-गरम होणाऱ्या सीटा, वर हायब्रिडची बॅटरी. ही प्रत्येक गोष्ट वजन आहे आणि ते पेलोडमधूनच जातं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असताना स्टिकरमध्ये चार-चारशे पाउंडांचा फरक मी स्वतः वाचलाय. म्हणून माझी सवय अशी आहे की शोरूममध्ये गेलो की बॉनेट उघडत नाही, आधी दार उघडतो आणि स्टिकरचा फोटो काढतो. सेल्समन म्हणतो सर टेस्ट ड्राइव्ह, मी म्हणतो थांब. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी बोट भाड्याने घ्यावी, मी हे मनापासून सांगतोय.

बोटीचं ड्राय वेट म्हणजे बोटीचं वजन समजणं

माहितीपत्रकात ड्राय वेट, म्हणजे रिकाम्या बोटीचं वजन, ३,५०० पाउंड लिहिलंय म्हणून ३,५०० धरू नका. ट्रेलर वेगळा, साधारण हजार. टाकीत ४० गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पाउंड धरले तरी २४० झाले. बॅटऱ्या, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, मुलांची ओढायची ट्यूब, आरामात चारशे. पाच हजारांच्या वर गेलात. आणि काही बोटींच्या ड्राय वेटमध्ये इंजिनही धरलेलं नसतं, ते विचारून घ्या. बॉलवर साधारण यातला दहावा भाग येतो असं धरून चालायचं, पण नक्की काय ते काट्यावरच कळतं.

मायलेजचा हिशोब चुकीच्या आकड्यावर करणं

खिडकीवरच्या कागदावरचं मायलेज मागे काही न जोडता मोजलेलं असतं. बोट जोडली की ते निम्म्याच्या आसपास येतं, मग ट्रक कुठल्याही कंपनीचा असो. छोट्या टर्बो इंजिनाची गंमत अशी की रिकामी गाडी असताना ते खरंच कमी पितं, पण वजन लागलं की सारखं बूस्टवर राहतं आणि मग मोठ्या इंजिनाइतकंच पितं. हायब्रिड शहरात उत्तम, कारण ब्रेक मारताना बॅटरी भरते, पण आय-७५ हायवेवर दोनशे मैल सरळ बोट ओढताना ब्रेकच लागत नाही, सगळं काम इंजिनच करतं. डिझेल मात्र वजनाखाली एवढं पडतं घेत नाही, म्हणजे मायलेज त्याचंही उतरतं पण तेवढं नाही.

मग डिझेलच घ्यायचं का? इथेच लोक घाई करतात. वर्षाला बोट किती मैल ओढणार ते आधी कागदावर लिहा. समजा वर्षाचे १२,००० मैल, त्यातले बोटीसोबत ९००. एक ट्रक रिकामा २४ देतो आणि ओढताना ११. दुसरा रिकामा २० आणि ओढताना साडेबारा. पहिल्याला वर्षाला साधारण ५४४ गॅलन लागतात, दुसऱ्याला ६२७. म्हणजे बोट ओढताना जो कमी पडतो तोच वर्षाच्या शेवटी ८३ गॅलन वाचवतो, कारण उरलेले ११,१०० मैल तुम्ही ऑफिसला आणि कॉस्टकोला जाता. हेच बोटीसोबत ९,००० मैल असतील तर उत्तर बदलतं, पहिल्याला ९४३ गॅलन आणि दुसऱ्याला ८७०. त्यामुळे "कुठला ट्रक चांगला" याला उत्तर नाही, तुमचं वर्ष कसं जातं याला उत्तर आहे. बाकी डिझेलला डीईएफ, म्हणजे धूर साफ करायचं वेगळं द्रव, भरत राहावं लागतं, आणि रोज चार मैलांच्याच फेऱ्या असतील तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जळून साफ व्हायला वेळ मिळत नाही आणि तो चोंदतो. सिल्व्हराडोचं तीन लिटरचं डिझेल मला आवडतं, लांबच्या रस्त्यावर फार गोड इंजिन आहे, पण जे शाळेपासून घरापर्यंतच फिरतात त्यांना मी ते घेऊ देत नाही.

आणि वेग. या एका गोष्टीत जेवढं पेट्रोल वाचतं तेवढं दहा हजार डॉलर जास्त देऊन घेतलेल्या इंजिनात वाचत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६५ ऐवजी ७५ ने गेलात तर एक तृतीयांश जास्त. शिवाय ट्रेलरचे खास टायर, ज्यांच्यावर एसटी लिहिलेलं असतं, ते बरेचसे ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात, टायरच्या बाजूला बघा. मी ६२ ला क्रूझ लावतो, टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढायचा मोड, चालू करतो आणि मागून कितीही हॉर्न वाजले तरी हलत नाही.

छोट्या बोटीला मोठा ट्रक

ही उलटी चूक. चौदा-पंधरा फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट आणि ट्रेलर मिळून बऱ्याचदा दीड हजार पाउंडांच्या आतच असतं. तिच्यासाठी पूर्ण आकाराचा ट्रक का? फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड २०२२ मध्ये आली तेव्हापासून २,००० पाउंड ओढते आणि रिकामी असताना गॅलनला ३७ मैलांच्या घरात देते. २०२५ पासून ऑल व्हील ड्राइव्ह हायब्रिडला ४,००० पाउंडांचं पॅकेजही मिळतं. फक्त ते कंपनीतूनच बसवून घ्यायचं. बाहेरून हिच लावली म्हणजे क्षमता वाढली असं होत नाही, हिच हा नुसता लोखंडाचा तुकडा आहे, कूलिंग आणि बाकी सगळं आत असतं.

चार पिनांचा प्लग

याबद्दल थोडं सविस्तर, कारण हे रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, सगळ्यांसमोर होतं आणि घरच्यांची भांडणं लागतात. मोठ्या बोटींच्या ट्रेलरला बऱ्याचदा सर्ज ब्रेक असतात. ट्रक थांबला की ट्रेलर पुढे रेटतो, जोडाचा भाग आत सरकतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. छान व्यवस्था आहे. पण रिव्हर्स घेताना पण जोड तसाच आत सरकतो! ब्रेक लागतात, ट्रेलरची चाकं जाम, माणूस आणखी ॲक्सिलरेटर देतो आणि टायर घासत जातात. हे होऊ नये म्हणून ट्रेलरच्या तारा ट्रकला जोडणाऱ्या प्लगमध्ये पाचवी तार असते, बहुतेक वेळा निळी, ती ट्रकच्या रिव्हर्स लाइटवरून वीज घेऊन ब्रेक मोकळे ठेवते. ट्रकला चार पिनांचाच सॉकेट असेल तर ही तार कुठेच जोडली जात नाही. सात पिनांचा सॉकेट असलेला ट्रक घ्या आणि सातातून पाचचा ॲडॅप्टर गाडीतच ठेवा. मी दोन ठेवतो, एक रॅम्पवर कुणाला तरी लागतोच.

बाकीच्या, थोडक्यात

बॉलचा साइज ट्रेलरच्या जोडावर कोरलेला असतो, दोन इंची जोडात एक सात-अष्टमांशाचा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो.

"दोन चाकं ओढणारा घेतो, मायलेज वाढेल." कोरड्या पार्किंगमध्ये ठीक आहे. शेवाळलेल्या रॅम्पवर ओल्या बोटीसकट वर यायचं असतं, तेव्हा एखाद्या मैलाचं मायलेज मी आनंदाने सोडतो आणि फोर बाय फोरच घेतो.

इलेक्ट्रिक पिकअप ओढायला ताकदीचा आहे, पण बोट मागे लागली की रेंज निम्म्यावर येते आणि बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लागत नाही. तळं तीस-चाळीस मैलांवर असेल आणि घरी चार्जर असेल तर जरूर घ्या, उत्तरेला जाणार असाल तर नको.

चाकांची बेअरिंग. प्रवासाने तापलेला हब थंड पाण्यात बुडवला की आत पाणी ओढलं जातं, ग्रीस जातं. रॅम्पवर पोचल्यावर पाच मिनिटं थांबा, हबला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर बोट आज पाण्यात जाणार नाही.

बोटीच्या बुडाचा प्लग, म्हणजे बूच, लावल्याशिवाय पाण्यात सोडू नका, आणि बाहेर काढल्यावर तो काढून सगळं पाणी तिथेच सोडा, मिशिगनमध्ये तो कायदा आहे आणि तळ्यांसाठी तो हवाच आहे.

त्या मित्राने पुढच्या वसंतात ट्रक बदलला. त्याच मॉडेलचा, दोन पायऱ्या खालचं ट्रिम, छत साधं, सीटा कापडी, स्टिकरवर १,८१०. पहिल्याच शनिवारी मला काट्याच्या पावतीचा फोटो पाठवला, माणसं, सामान, टंग सगळं मिळून १,५२०. ती पावती त्याने ग्लव्ह बॉक्सच्या दाराला आतून चिकटवली आहे, बाजूला पेनाने पाचही जणांची वजनं लिहून.