नवी कल्पना सुचली की आधी फाइलीत टाका

एकट्याने सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्याचं लक्ष फोनपेक्षा नव्या कल्पनांनी जास्त उडतं. बिलिंगच्या अ‍ॅपमध्ये जीएसटीचं राउंडिंग दुरुस्त करायला बसावं आणि अर्ध्या तासाने भलत्याच प्रॉडक्टसाठी डोमेन शोधत असावं! तेही काम केल्यासारखंच वाटतं, हीच तर गोम आहे.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'नंतर' नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवा. काही सुचलं की एकच ओळ लिहा: तारीख, कल्पना आणि ती कुणाची. पैसे भरणाऱ्या ग्राहकाची, फुकट वापरणाऱ्याची, की आपल्याच डोक्यातली? बस्स, पुन्हा हातातल्या कामावर. ही फाइल शुक्रवारी दुपारीच उघडायची. आपल्या डोक्यातल्या बहुतेक ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात. ज्या ओळीपुढे दोन-तीन पैसे भरणारे ग्राहक जमलेत, तिचाच विचार करा.

फाइल फुगली तर बिनधास्त पुसा. बेसकॅम्प हे कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणारी ३७सिग्नल्स ही कंपनी सहा आठवडे एक काम, मग दोन आठवडे मोकळे, अशी चालते आणि कल्पनांचा सामायिक बॅकलॉग, म्हणजे 'पुढे कधीतरी करू' अशी साठत जाणारी यादी, ठेवतच नाही. खरी गरज असेल तर ग्राहक पुन्हा विचारतोच.

आणखी एक. संध्याकाळी कामावरून उठण्याआधी उद्याच्या कामाची, मुद्दाम फेल होणारी एक टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहून ठेवा. सकाळी टेस्ट चालवली की फेल झाल्याची लाल ओळच सुरुवात कुठून करायची ते सांगते. फक्त ती मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीत, पुश करू नका, नाहीतर डिप्लॉय, म्हणजे नवा कोड ग्राहकांपर्यंत पोचवणं, अडकू शकतं.