माता मृत्यूपासून नारूपर्यंत : जगाच्या आरोग्याची वही कशी ठेवावी

२०२३ साली जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या आगेमागे दगावल्या. हा आकडा घटतोय का, कुठे घटतोय आणि पुरेशा वेगाने घटतोय का, हे समजून घ्यायला डॉक्टर किंवा संख्याशास्त्रज्ञ असावं लागत नाही. एक वही, साधा कॅल्क्युलेटर आणि वर्षातल्या तीन-चार निवांत संध्याकाळी पुरतात. बातमीत एका वर्षाचा एक आकडा येतो, आपण हळहळतो किंवा सुखावतो आणि पुढे जातो. वहीत तोच आकडा मागच्या दहा आकड्यांच्या खाली बसतो आणि मग काहीतरी सांगायला लागतो.

पायरी १ : एकच प्रश्न निवडा

"जगाचं आरोग्य सुधारतंय का?" या प्रश्नाला धड उत्तर नाही. मोजता येईल असं काहीतरी घ्या. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं स्वीकारली, त्यातलं तिसरं आरोग्याचं. त्याखालच्या बऱ्याच लक्ष्यांना आकडा आणि तारीख दोन्ही जोडलेले आहेत. २०३० पर्यंत दर १ लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू ७० च्या खाली यायला हवेत. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू प्रत्येक देशात दर हजार जन्मांमागे २५ किंवा त्याहून कमी हवेत. रस्त्यावरचे मृत्यू निम्मे करायचे आहेत. यातलंच एखादं निवडलं तर आकडे नियमित मिळत राहतात. मात्र निवडताना मनाला भिडणारं निवडा, नाहीतर दुसऱ्या वर्षी वही कपाटात जाते.

पायरी २ : पहिल्या पानावर व्याख्या लिहा

हे पान बहुतेक जण गाळतात, आणि पुढचे सगळे घोळ इथेच सुरू होतात. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत माणूस दगावला तर तो रस्ता अपघातातला मृत्यू, असा आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. एखाद्या देशाने फक्त जागच्या जागी गेलेले मोजले, तर तिथले रस्ते कागदावर सुरक्षित दिसतील. माता मृत्यूसाठी मुदत गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांची, आणि मृत्यूचं कारण गर्भारपणाशी किंवा त्यावरच्या उपचारांशी निगडित असावं लागतं. व्याख्या आपल्या शब्दांत, पण दिवसांच्या आकड्यासकट उतरवून ठेवा.

पायरी ३ : आकडा कुठून आला ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आरोग्याचा आकडा साधारण तीन वाटांनी येतो. पहिली सरकारी नोंद : मृत्यू दाखला, दवाखान्याचं रजिस्टर. दुसरी घरोघरचं सर्वेक्षण. तिसरी अंदाज, म्हणजे पहिल्या दोन्हींतून मिळालं ते घेऊन गणिती पद्धतीने भरून काढलेली पोकळी.

जिथे मृत्यूची नीट नोंद होत नाही, तिथे माता मृत्यू कसे मोजतात? एक पद्धत अशी : पाहणी करणारी बाई घरी येते, समोरच्या स्त्रीला तिच्या सख्ख्या भावंडांची नावं एकेक करून विचारते आणि लिहून घेते. ही बहीण हयात आहे का? नसेल तर कितव्या वर्षी गेली? गेली तेव्हा दिवस गेलेले होते का? बाळंत होताना गेली, की बाळंतपणानंतर दोन महिन्यांच्या आत? जगाच्या तक्त्यातल्या कितीतरी देशांच्या आकड्यांमागे अशा बहिणींची आठवण आहे. आपण ज्याला "डेटा" म्हणतो तो कोणीतरी उंबऱ्यात बसून विचारलेला असतो, हे कळल्यावर मी आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. अशा पाहण्यांचा मोठा कार्यक्रम १९८४ पासून अमेरिकी सरकारच्या पैशावर चालत होता. २०२५ च्या सुरुवातीला तो पैसा थांबला. म्हणजे येत्या काही वर्षांत काही देशांचा आकडा हलला नाही, तर तिथे काही बदललं नाही असं धरू नका. नव्याने कोणी विचारलंच नसेल, हीही शक्यता आहे.

नोंदीचा आकडाही फसवतो. २०१९ मध्ये जगभरात टीबीचे ७१ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये ५८ लाख. नुसती रेघ पाहिली तर एका वर्षात टीबी जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटला. प्रत्यक्षात कोविडमुळे दवाखाने बंद होते, तपासणी होत नव्हती आणि खोकणारी माणसं घरातच राहिली. त्याच वर्षी टीबीचे मृत्यू वाढले, दशकभराहून जास्त काळानंतर पहिल्यांदा. उलट २०२३ मध्ये नोंद ८२ लाखांवर गेली, आणि ती बरीचशी चांगली बातमी होती, कारण त्या वर्षी आजारी पडलेल्यांचा अंदाज १ कोटी ८ लाख होता आणि न सापडलेल्यांची दरी कमी झाली होती. टीबीसाठी म्हणूनच तीन रकाने आखा : अंदाजे किती आजारी पडले, किती सापडले, किती दगावले.

पायरी ४ : अहवालाचं वर्ष लिहा, जुने आकडे नव्याने उतरवा

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२३ मध्ये आलेल्या अहवालात २००० सालचं माता मृत्यू प्रमाण, म्हणजे दर १ लाख जिवंत जन्मांमागचे माता मृत्यू, ३३९ होतं. २०२५ च्या अहवालात त्याच २००० सालासाठी ३२८ छापलं आहे. इतिहास बदलला नाही, नवी माहिती आली आणि सगळी मालिका पुन्हा मोजली गेली. जुन्या अहवालातले ३३९ घेऊन नव्या अहवालातल्या २०२३ सालच्या १९७ शी तुलना केली तर प्रगती आहे त्यापेक्षा मोठी दिसेल. नवा अहवाल आला की जुनी रांग खोडू नका, तिच्याखाली संपूर्ण नवी रांग लिहा. तुलना एकाच रांगेत करा.

अंदाजाबरोबर त्याची कक्षाही लिहा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असण्याची शक्यता आहे ती टोकं. २०२३ च्या अहवालात २०२० सालचं प्रमाण २२३ दिलं होतं, पण कक्षा २०२ ते २५५ होती. दोन वर्षांमधला फरक या कक्षेत सहज मावत असेल, तर त्यावर आनंद किंवा दुःख करायची घाई नको.

पायरी ५ : वेग काढा

माता मृत्यू प्रमाण २००० मध्ये ३२८, २०२३ मध्ये १९७. ही घट वर्षाला सरासरी २.२ टक्के पडते. आता कॅल्क्युलेटरवर १९७ ला ०.९७८ ने (२.२ टक्के वजा जाता उरतं ते) गुणा, उत्तराला पुन्हा ०.९७८ ने, असं सात वेळा, म्हणजे २०३० येईल. उत्तर १६९ च्या जवळ येतं. लक्ष्य आहे ७० च्या खाली. मग ०.८६ ने सात वेळा गुणून पाहा : सुमारे ६८. म्हणजे दरवर्षी जवळपास १४ टक्के घट हवी, आजवरच्या वेगाच्या सहापटीहून अधिक. "प्रगती होत आहे" आणि "लक्ष्य गाठणार नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. वहीत दोन्ही लिहा.

पायरी ६ : संख्या आणि दर शेजारी ठेवा, मग सरासरी फोडा

रस्त्यावर २०१० मध्ये साधारण १२.५ लाख माणसं गेली, २०२१ मध्ये ११.९ लाख. घट जेमतेम ५ टक्के. पण त्या काळात जगाची लोकसंख्या जवळपास शंभर कोटींनी वाढली आणि वाहनं दुपटीहून जास्त झाली. दर लाख लोकांमागे मोजलं तर घट ठळक दिसते. तरीही मला मृतांची संख्या आधी लिहावीशी वाटते. ५ ते २९ या वयातल्या माणसांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ता आहे, आणि जाणारं पोर दराने जात नाही.

जागतिक सरासरीवर थांबू नका. २०२३ मधले सुमारे ७० टक्के माता मृत्यू सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत झाले. निदान तीन देशांच्या ओळी वेगळ्या ठेवा : एक पुढे गेलेला, एक अडकलेला, एक मागे सरकलेला.

आकडे पाहायला जागतिक आरोग्य संघटनेची ग्लोबल हेल्थ ऑब्झर्व्हेटरी, युनिसेफची आकडेवारी आणि सोप्या आलेखांसाठी अवर वर्ल्ड इन डेटा पुरेसे आहेत. अमेरिकेतल्या सिएटलची आयएचएमई ही आरोग्याची मोजदाद करणारी संस्था स्वतःचे वेगळे अंदाज काढते. तिचे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे एका रांगेत मिसळू नका. लसीकरणाचे आकडे जुलैत, टीबीचा अहवाल ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आणि मलेरियाचा बहुधा डिसेंबरात येतो. या तारखा कॅलेंडरवर टाकून ठेवा.

शेवटच्या टप्प्यातले आजार

काही आजारांचे आता अगदी मोजके रुग्ण उरले आहेत, तिथे टक्केवारी सोडून द्या. १९८८ मध्ये पोलिओचे वर्षाला अंदाजे साडेतीन लाख रुग्ण होते. मूळ, म्हणजे निसर्गातल्या विषाणूचे रुग्ण २०२१ मध्ये फक्त ६, २०२३ मध्ये १२ आणि २०२४ मध्ये ९९; २०२३ आणि २०२४ मधले सगळे पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात. इथे प्रत्येक जिल्ह्याचं नाव लिहावं. लशीतल्या विषाणूपासून उद्भवलेले रुग्ण वेगळे मोजतात, त्यांना वेगळा रकाना द्या.

नारूची, म्हणजे दूषित पाण्यातून शरीरात जाऊन कातडीतून बाहेर पडणाऱ्या जंताची गोष्ट आणखी नाजूक. १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख माणसांना नारू होत होता. २०२४ मध्ये १५ जणांना. त्याला ना लस आहे, ना औषध. हे झालं ते पाणी गाळून प्यायल्याने आणि नारू बाहेर पडत असलेल्या माणसाला पाणवठ्यात उतरू न दिल्याने. पण चाड देशात तो कुत्र्यांमध्ये सापडला, आणि आता जगात दरवर्षी माणसांपेक्षा कितीतरी जास्त, शेकडो जनावरांत आढळतो. देश नारूमुक्त ठरायला किमान तीन वर्षं शून्य रुग्ण आणि चोख पाळत, दोन्ही लागतात. त्यामुळे नारूच्या पानावर माणसांशेजारी जनावरांचा रकाना आखा, आणि जिथे शून्य लिहाल तिथे कंसात तेही लिहा : त्या वर्षी तिथे कोणी शोधायला गेलं होतं का.