हिपॅटायटिस सीच्या गोळ्या: सुरू करण्याआधी, घेताना आणि संपल्यावर

हिपॅटायटिस सी या यकृताला होणाऱ्या विषाणूच्या लागणीचा उपचार आता इंजेक्शनाविना होतो. रोज तोंडाने गोळ्या घ्यायच्या, बहुतेकांना ८ किंवा १२ आठवडे, आणि नेमाने घेतल्या तर १०० पैकी ९५ च्या आसपास रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा जातो. गोळ्या गिळणं हा यातला सोपा भाग आहे. घोळ होतो तो पहिल्या गोळीआधी आणि शेवटच्या गोळीनंतर.

अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली, एवढंच कळतं. लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणू स्वतःच हटवतं, पण अँटिबॉडी राहते. म्हणून एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तात विषाणू आहे का आणि किती (व्हायरल लोड), ही तपासणी हवीच. त्यात विषाणू सापडला तरच औषध.

त्यानंतरचा प्रश्न: यकृताला सिरॉसिस झाला आहे का, म्हणजे ते व्रण पडून कडक झालं आहे का? औषध कोणतं आणि किती दिवस, हे त्यावर ठरतं. साध्या रक्ततपासणीतून फिब-४ हा आकडा काढता येतो. (वय गुणिले एएसटी) भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी ही यकृताची एन्झाइम्स, रक्ताच्या रिपोर्टवर असतात. प्लेटलेट हजारांत धरायच्या: रिपोर्टवर १,३०,००० असेल तर १३०. इथे शून्य चुकलं की सगळंच चुकतं. वय ५२, एएसटी ८०, एएलटी ६४, प्लेटलेट १३० असतील तर ४१६० भागिले १०४०, म्हणजे ४. ३.२५ च्या वर आकडा गेला की सिरॉसिसचा संशय धरून फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) आणि सोनोग्राफी करून घ्यावी, १.४५ च्या खाली असेल तर यकृत फारसं कडक झालेलं नसण्याची शक्यता जास्त. पस्तिशीच्या आतल्या रुग्णांत हा आकडा फसवा ठरतो.

हिपॅटायटिस बीची तपासणी (एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी) कुणीही टाळू नये. दोन्ही विषाणू एकाच शरीरात असले की बहुधा सी बीला दाबून ठेवतो. सी गेला की बी उसळतो आणि यकृत निकामी होऊन जीवावर बेतू शकतं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बीचं औषध सोबत सुरू करावं लागतं. सोबत एचआयव्ही आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) बघून घ्यावं.

आता सध्या चालू असलेली औषधं. आयुर्वेदिक काढ्यांपासून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांपर्यंत सगळ्यांची लेखी यादी डॉक्टरांना द्या. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांच्यामुळे विषाणूवरचं औषध रक्तात टिकत नाही. ही आधी बदलावी लागतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्याला सोफोसबुवीर हे हिपॅटायटिस सीचं औषध दिलं तर हृदयाचे ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा डोसही तपासावा लागतो.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते ॲसिडिटीच्या गोळ्यांकडे. वेल्पॅटॅस्वीर हे हिपॅटायटिस सीचं दुसरं औषध विरघळायला पोटात आम्ल लागतं. ओमेप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर औषध पुरेसं शोषलंच जात नाही, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. शक्य असेल तर ती १२ आठवडे बंद ठेवा. अगदीच गरज असेल तर वेल्पॅटॅस्वीरची गोळी जेवणासोबत घ्यावी आणि त्यानंतर ४ तासांनी ओमेप्राझोल, तेही २० मिलिग्रॅमच. पातळ अँटासिड आणि या गोळीतही ४ तासांचं अंतर हवं.

सर्व जीनोटाइपवर (विषाणूच्या उपप्रकारांवर) चालणारे तीन पर्याय जास्त वापरात आहेत. सोफोसबुवीर ४०० आणि वेल्पॅटॅस्वीर १०० मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी, दिवसाला एक, १२ आठवडे. सोफोसबुवीर ४०० सोबत डॅक्लाटॅस्वीर ६० मिलिग्रॅम, हेही १२ आठवडे. सिरॉसिस असेल तर ही जोडी बहुधा २४. आणि ग्लेकाप्रेवीर-पिब्रेंटॅस्वीर: तीन गोळ्या एकदम, जेवणासोबतच, पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांना ८ आठवडे. पोटात पाणी झालं असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा यकृतामुळे भ्रम होत असेल, तर हा तिसरा पर्याय वर्ज्य, कारण नावात 'प्रेवीर' असलेली औषधं अशा यकृताला झेपत नाहीत. अशा रुग्णाला सोफोसबुवीर-वेल्पॅटॅस्वीरसोबत रिबाव्हिरिन देतात, आणि तेही यकृततज्ज्ञाच्या देखरेखीखाली. रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन उतरतं आणि गर्भाला गंभीर इजा होते. गर्भनिरोधन उपचारात आणि नंतरही पाळायचं: स्त्रियांनी नऊ महिने, पुरुषांनी सहा महिने.

१२ आठवडे म्हणजे ८४ गोळ्या. वेळ ठरवून घ्या, रोजच्या एखाद्या कामाशी जोडा आणि आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की पुढची डबी आणा. डबी संपल्यावर पडलेला खंड हे उपचार फसण्याचं टाळता येण्यासारखं कारण आहे. सोफोसबुवीर-वेल्पॅटॅस्वीर घ्यायची राहिली आणि १८ तासांच्या आत आठवली तर लगेच घ्या. त्याहून उशीर झाला तर ती सोडा आणि पुढची ठरल्या वेळी घ्या. दोन एकदम नकोत. घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. डोकेदुखी, थकवा, मळमळ असे त्रास बहुधा सौम्य असतात, त्यापायी गोळ्या थांबवू नका. मधुमेह्यांनी साखर जास्त वेळा मोजावी, कारण विषाणू कमी झाला की साखर उतरते आणि जुना डोस जड होऊ शकतो. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) लवकर लवकर तपासावा. डोळे पिवळे झाले किंवा पोट फुगू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गोळ्या संपताना रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तो निकाल नव्हे. खरा निकाल शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी केलेल्या आरएनए तपासणीचा. बरं वाटतं म्हणून ही तपासणी अनेक जण करतच नाहीत, आणि उलटलेला आजार तसाच राहून जातो. तेव्हा विषाणू सापडला तर तेच औषध पुन्हा सुरू करायचं नाही. सोफोसबुवीर, वेल्पॅटॅस्वीर आणि व्हॉक्सिलाप्रेवीर ही तिन्ही एकत्र १२ आठवडे देण्याचा पर्याय आहे, यकृताची स्थिती चांगली असेल तर.

बरे झाल्यावरही अँटिबॉडी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच येते, त्याने घाबरू नका. पुढे कधी शंका आली तर थेट आरएनए करा, कारण एकदा बरं झाल्याने संरक्षण मिळत नाही आणि दूषित सुईतून पुन्हा लागण होते. सिरॉसिस असलेल्यांना विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका राहतो. त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची, कितीही वर्षं झाली तरी.